गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि देशाची सरासरी



आपल्या उसाला यंदा एकरी किती टन पडले, शेजारच्या गटात किती पडले आणि मागल्या हंगामापेक्षा वजन का घटले, हे पारावर बसलेला कोणीही सभासद तोंडपाठ सांगेल. कारखान्याचा साखर उतारा जरा खाली आला तर वार्षिक सभेत माईक कुणाच्या हातून सुटत नाही. ते योग्यच आहे, उताऱ्यावरच उसाचा दर ठरतो. पण याच सभासदाला विचारा, की बाबा रे, गेल्या वर्षी तुझ्या घरात दवाखान्याच्या किती चिठ्ठ्या झाल्या? त्यांतल्या कितींवर अँटिबायोटिक होते? किती वेळा सुई टोचली, किती बाटल्या लावल्या? आणि आपल्या डॉक्टरांचे हे प्रमाण इतर डॉक्टरांच्या मानाने जास्त की कमी? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" एवढेच ऐकू येते.

हाताचा गुण आम्ही नाकारत नाही. पण औषधांवर जाणारा पैसाही उसाच्या बिलातूनच जातो, आणि नको असलेले औषध पोटात गेले तर नुसता पैसाच जातो असे नाही. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीची तुलना देशाच्या सरासरीशी कशी करतात, ती करताना कुठे फसगत होते आणि आपल्याकडे त्यातले काय करता येण्याजोगे आहे, हे या लेखात जमेल तेवढे सोपे करून सांगत आहोत.

जिथे प्रत्येक चिठ्ठी मोजली जाते

असा हिशेब बारकाईने ठेवणारा एक देश म्हणजे इंग्लंड. तिथे प्रत्येक कुटुंबाचे नाव जवळच्या एका दवाखान्यात नोंदलेले असते, आणि सर्दी-तापापासून साखर-रक्तदाबापर्यंत पहिली चिठ्ठी तिथलाच डॉक्टर लिहितो. औषध दुकानातून मिळते, पण दुकानदाराचे पैसे सरकारी आरोग्य सेवा भागवते. साहजिकच दुकानदार चिठ्ठ्या हिशेबाला पाठवतो. आपल्याकडे वजनकाट्यावर गाडी आली की शेतकऱ्याचे नाव, गट, जात आणि वजन पावतीवर उमटते, तसे तिथे दवाखान्याचे नाव, औषधाचे नाव, किती गोळ्या आणि किती किंमत हे नोंदले जाते. वर्षाला एक अब्जाहून अधिक नोंदी होतात.

मुळात ही नोंद पैसे भागवण्यासाठी होती. पुढे कुणाच्या तरी लक्षात आले की यातून डॉक्टरांचे लिखाणही कळते. १९८८ पासून तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा अहवाल मिळू लागला. २०१० पासूनचे दवाखानावार आकडे तर सर्वांसाठी खुले आहेत. २०१५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील बेन गोल्डेकर या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे सामान्य माणसाला कळतील अशा आलेखांत मांडले. आज तिथला कोणीही माणूस आपल्या दवाखान्याचे नाव शोधून पाहू शकतो, की आपला डॉक्टर अमुक प्रकारचे अँटिबायोटिक देशातल्या बाकीच्या सहा हजारांवर दवाखान्यांच्या मानाने जास्त लिहितो की कमी. रोग्याचे नाव त्यात कुठेच येत नाही.

आता बघा, नुसते मोजल्याने काय होते? याचा एक प्रयोगच तिथे झाला. २०१४ साली आपापल्या भागात सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणारे, म्हणजे वरच्या वीस टक्क्यांतले, १५८१ दवाखाने निवडले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग केले. एका भागातल्या डॉक्टरांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या नावाने एक पत्र गेले. तुमच्या भागातले शंभरातले ऐंशी दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात, एवढेच त्याचे सार. सोबत दोन-तीन साध्या सूचना. दंड नाही, चौकशी नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. दुसऱ्या भागाला काहीच पाठवले नाही. सहा महिन्यांनी पाहिले तर पत्र मिळालेल्यांचे लिखाण दुसऱ्यांच्या मानाने ३.३ टक्क्यांनी कमी भरले. ३.३ टक्के म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण अँटिबायोटिकच्या ७३ हजारांवर नोंदी त्या सहा महिन्यांत कमी झाल्या, आणि खर्च फक्त पोस्टाचा.

त्याच प्रयोगात रोग्यांसाठी पत्रके आणि भिंतीवरची चित्रेही लावून पाहिली. त्यांचा काही परिणाम दिसला नाही. हे वाचून आम्ही क्षणभर लेखणी खाली ठेवली होती, कारण हा लेख म्हणजे रोग्यांसाठीचे पत्रकच की! तरी लिहितो आहोत, कारण आपल्याकडे डॉक्टरांना असे पत्र पाठवणारा कोणी अजून बसलेला नाही.

आडसाली आणि खोडवा एका तराजूत घालू नये

आता तुलनेतली पहिली फसगत. एका सभासदाने आडसाली लावण केली, अठरा महिने पीक रानात ठेवले. दुसऱ्याचा खोडवा, बारा महिन्यांत तुटला. दोघांचे एकरी टन शेजारी मांडून खोडव्यावाल्याला आळशी ठरवले तर शेतकी खात्यातला चिटबॉयसुद्धा हसेल. आडसालीची तुलना आडसालीशी, सुरूची सुरूशी.

डॉक्टरांचेही तेच. समुद्रकाठच्या गावात, जिथे निवृत्त म्हातारी माणसे येऊन राहतात, तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या गोळ्या भरपूर दिसणार. विद्यापीठाच्या आवारातल्या दवाखान्यात त्या औषधालाही सापडणार नाहीत. म्हणून इंग्लंडात नोंदलेल्या माणसांचे वय आणि स्त्री-पुरुष हे धरून प्रत्येकाला वेगळा भार देतात आणि मग दर काढतात. त्या भाराचे कोष्टक औषधाच्या प्रकारानुसार निराळे असते. एवढे करूनही आकडा रोग सांगत नाही. चिठ्ठीवर औषध असते, ते कशासाठी दिले हे त्या हिशेबात नसते. म्हणून सरासरीपेक्षा वर असलेला दवाखाना वाईटच, असे तिथले जाणकारही म्हणत नाहीत. तिथे जाऊन कारण विचारायला हवे, एवढेच आकडा सांगतो. एखाद्या गटाचा उतारा एकदम पडला तर शेतकी अधिकारी आधी रान बघायला जातो, शेतकऱ्याला लबाड म्हणत नाही, तसे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण कोणत्याच दवाखान्यात नोंदलेले नसतो. पोराला ताप आला की सकाळी गावातल्या डॉक्टरकडे, संध्याकाळी उतरला नाही तर बाजारगावच्या डॉक्टरकडे, तिसऱ्या दिवशी तालुक्याला. एकाच तापाच्या तीन चिठ्ठ्या होतात, आणि एका डॉक्टरकडे एकूण माणसे किती हे त्यालाही सांगता येत नाही. एकर माहीत नसेल तर एकरी टन कसे काढणार? म्हणून आपल्यासारख्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली वेगळे माप काढले. त्यात दर माणशी नव्हे, तर दर शंभर चिठ्ठ्यांमागे मोजतात.

देशाचा आकडा कोठून येतो

आपल्या देशात प्रत्येक चिठ्ठी मोजण्याची सोय नाही, पण आकडे अगदीच नाहीत असेही नाही. घाऊक औषध व्यापाऱ्यांकडून किती माल गेला याची नोंद व्यापारी स्वतःसाठी ठेवतात. २०१९ सालच्या अशा नोंदींवरून अभ्यासकांनी खासगी बाजारातल्या अँटिबायोटिकचा हिशेब केला व तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. दर हजार लोकांमागे रोज १०.४ माणसांना पुरेल इतका डोस विकला गेला, असे त्यात निघाले. हा आकडा पुष्कळ देशांपेक्षा कमीच आहे. मग ओरड कशाची?

ओरड मालाच्या प्रतीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीच्या आजाराला आधी वापरायची औषधे आहेत, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन. दुसऱ्या गटात जपून वापरायची, म्हणजे अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन अशी. तिसरा गट राखीव, दुसरे काहीच चालेनासे झाले तर. संघटनेचे म्हणणे असे होते, की देशात वापरलेल्या अँटिबायोटिकपैकी निदान साठ टक्के पहिल्या गटातली असावीत. आपल्या खासगी बाजारात २०१९ साली ती सत्तावीस टक्के होती, आणि जपून वापरायची होती जवळजवळ पंचावन्न टक्के. सर्वांत जास्त खपलेली गोळी होती अझिथ्रोमायसिन पाचशे. तिच्या पाठोपाठ सेफिक्झिम दोनशे. ही दोन्ही नावे वाचून आपापल्या घरातल्या औषधांच्या डब्यात पाहावे. बहुतेक घरांत यांपैकी एकाची अर्धी राहिलेली पट्टी सापडेल.

अर्धी राहिलेली का? कारण दोन दिवसांत बरे वाटले, की आपण गोळ्या बंद करतो आणि उरलेल्या शेजारच्या वहिनींना देतो. साध्या सर्दी-पडशाला, घसा बसण्याला बहुतेक वेळा विषाणू कारण असतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक मुळीच चालत नाही. ते चालते जिवाणूंवर. गरज नसताना दिलेल्या प्रत्येक गोळीने अंगातल्या जिवाणूंना त्या औषधाची ओळख होते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारल्यावर काही तण त्याला दाद देईनासे होते, हे आपल्याला रानात दिसते. जिवाणूंचे तसेच होते. मग खरोखर न्यूमोनिया झाला किंवा बाळंतिणीला जंतुसंसर्ग झाला, त्या दिवशी साधी गोळी चालत नाही. महागडी इंजेक्शने लागतात, तीही कधी कधी हात टेकतात.

आता दुसरी फसगत सांगतो, आणि आमच्या मते तीच मोठी आहे. समजा, आपल्या गावच्या डॉक्टरांचे आकडे बरोबर देशाच्या सरासरीइतके आले. मग आपण निश्चिंत व्हायचे का? संबंध तालुक्यातल्या वजनकाट्यांत दर टनाला वीस किलोची खोट असेल, तर आपला काटा बाकीच्यांशी जुळतो याचे समाधान कोण मानील? सरासरी म्हणजे बरोबर, असे नव्हे. सगळे काय करतात एवढेच सरासरी सांगते.

देशातले सगळे काय करतात याचे दोन-तीन दाखले देतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९-२० मध्ये देशभरातल्या तेरा मोठ्या रुग्णालयांतल्या ४८३८ चिठ्ठ्या तपासून घेतल्या. लिहिणारे डॉक्टर उच्च शिकलेले होते. तरी शंभरातल्या सुमारे ४५ चिठ्ठ्या उपचाराच्या ठरलेल्या नियमांपासून ढळलेल्या निघाल्या, आणि शंभरातल्या जवळजवळ दहा तर मुळीच मान्य होण्यासारख्या नव्हत्या. त्यांत सर्वांत जास्त वेळा काय दिसले? पित्ताच्या गोळ्या, गरज नसताना जोडून दिलेल्या. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये वीस मोठ्या रुग्णालयांत दाखल असलेले ९६५२ रोगी पाहिले. त्यांतल्या शंभरातल्या ७२ जणांना अँटिबायोटिक चालू होते, आणि निम्म्याहून अधिक वेळा ते झालेल्या रोगासाठी नव्हते, पुढे होऊ नये म्हणून होते. आणि दोन-तीन औषधे एका गोळीत कालवून विकण्याचा प्रकार घ्या. सरकारने २०१६ च्या मार्चमध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१८ साली पुन्हा ३२८ वर घातली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ वर. बंदीच्या आदल्या दिवसापर्यंत ही मिश्रणे देशाच्या सरासरीचा भाग होती.

हे शहरातले झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या सातारा जिल्ह्यात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा मोठा अभ्यास केला होता. औषधांवरचा बराच खर्च अनाठायी होतो, असाच त्याचा निष्कर्ष होता. तो अभ्यास आपल्यासारख्याच गावांतला होता, हे ध्यानात घ्यावे.

सुई आणि बाटली

मग बरोबर काय, याचे माप हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात एका चिठ्ठीवर सरासरी दोनहून कमी औषधे असावीत. शंभर चिठ्ठ्यांपैकी साधारण वीस ते सत्तावीस चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिक असले तर ते ठीक. इंजेक्शन शंभरात तेरा ते चोवीस. औषधांची नावे कंपनीची नव्हेत, मूळ औषधाची असावीत, आणि ती अत्यावश्यक औषधांच्या यादीतली असावीत, शक्यतो शंभर टक्के. आपल्या देशाची अशी यादी २०२२ साली सुधारली, तीत ३८४ औषधे आहेत. कोणत्याही प्राथमिक दवाखान्याला ती पुरून उरतील.

इंजेक्शनचा आकडा वाचून कित्येक जण हसतील. आपल्याकडे दवाखान्यात गेले आणि सुई झाली नाही, तर माणूस घरी येऊन म्हणतो, "नुसत्या गोळ्या दिल्या, डॉक्टर कच्चा दिसतोय." २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशव्यापी पाहणी झाली होती. वर्षाला सुमारे तीन अब्ज इंजेक्शने टोचली जातात आणि त्यांतली शंभरातली सुमारे ६३ असुरक्षित असतात, असे तिच्यात आढळले. असुरक्षित म्हणजे सुई नीट स्वच्छ नसणे, पुन्हा वापरणे, वापरलेली कुठेही फेकणे. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुयांमुळे कावीळ ब पसरली आणि कितीतरी माणसे दगावली. सुई नवीन आहे का, पाकीट आपल्यासमोर फोडले का, एवढे पाहायला शिक्षण लागत नाही.

आणि बाटली. अशक्तपणा आला, चक्कर आली, लग्नघाईत थकवा आला की "एक बाटली लावा हो डॉक्टर". बाटलीत असते तरी काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी शुद्ध पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे पाच-सहा चमचे साखर, तीही आपण पिकवणारे लोक! एक गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी यांपेक्षा अधिक ताकद तिच्यात नाही. रंगीत औषध टाकून बाटली पिवळी केली तर ते बहुधा जीवनसत्त्व असते. रोग्याला बरे वाटते हे खरे, कारण तास-दीड तास तो पंख्याखाली निवांत पडतो आणि घरचे सगळे उशाशी बसतात.

बाटली वाईट नाही. उलट्या-जुलाबांनी माणूस पार सुकला, तोंडावाटे काही राहीनासे झाले, मोठा रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया आहे, तर बाटलीच जीव वाचवते. तिथे उशीर करू नये. पण जुलाब झाले आणि रोगी पिऊ शकतो, तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हेच औषध. घरात जलसंजीवनीचे पाकीट असेल तर फारच चांगले.

हंगामात थळात उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांकडे पाहिले म्हणजे हा विषय किती जिवावरचा आहे हे कळते. कोयत्याला खाडा पडला की पैसे कापले जातात. कंबर धरलेली बाई दवाखान्यात येते ती उद्या पहाटे फडात उभी राहता यावी म्हणून. तिला दुखणे थांबवणारी सुई मिळते, ती उभी राहते, चार दिवसांनी पुन्हा येते. दुखण्यावरच्या या औषधांनी पोटात व्रण होतात. उन्हात, पाणी कमी पिऊन, रोजच्या रोज घेतली तर मूत्रपिंडाला इजा होते. सूज उतरवणारी स्टेरॉईडची सुई एका दिवसात जादू करते आणि वारंवार घेतली तर साखर वाढवते, हाडे ठिसूळ करते. त्या बाईची चिठ्ठी कोणाच्याच सरासरीत नसते, कारण बहुधा तिला चिठ्ठीच मिळालेली नसते. कागदाच्या पुडीत दोन रंगांच्या चार गोळ्या, एवढेच.

डॉक्टरांची बाजू

हे सगळे डॉक्टरांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. खेड्यातल्या डॉक्टरांपुढे दिवसाला साठ-सत्तर रोगी येतात. रक्त-थुंकी तपासायची सोय तालुक्याला. रोगी पुन्हा दोन दिवसांनी दाखवायला येईल याची खात्री नाही, कारण ती मजुरी बुडण्याची गोष्ट असते. अशा वेळी ताप विषाणूचा की जिवाणूचा हे ठरवायला थांबण्यापेक्षा अँटिबायोटिक लिहून मोकळे व्हावे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय सुई नाही दिली, तर समोरचा दुसरा दवाखाना आहेच. एका जुन्या डॉक्टरांनी आम्हाला बोलता बोलता सांगितले, "मी अँटिबायोटिक कमी केले, त्या वर्षी माझी गर्दीही कमी झाली." रोग्याचा आग्रह आणि डॉक्टरांची भीती यांची ही गाठ आहे, आणि ती दोन्ही टोकांनी सोडवावी लागेल. इंग्लंडच्या त्या पत्रात एक सूचना अशी होती, की चिठ्ठी लिहून द्यावी, पण काही दिवसांत बरे नाही वाटले तरच औषध आणा असे बजावावे. आपल्या गावांतही हे जमण्यासारखे आहे, कारण रोगी रिकाम्या हाताने परत जात नाही.

आपण सभासदांनी काय करायचे? चिठ्ठी मागावी. औषध दवाखान्यातून मिळाले तरी नाव लिहून मागावे. "साहेब, पुढे तालुक्याला दाखवावे लागले तर नाव माहीत असावे," असे म्हटले की कोणालाही राग येत नाही. मूळ औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा डॉक्टरांच्या नियमांतला २०१६ सालचा बदल आहे. आणि "अँटिबायोटिक आहे का यात? लागेलच का?" हा प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नसावी.

एक गोष्ट थोड्यांना ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारख्या काही औषधांची विक्री मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत नोंदवायची असते. त्या वहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले हे असते, आणि ती तीन वर्षे जपायची असते. म्हणजे काट्याच्या पावत्या फाडल्या जातात आणि ठेवल्याही जातात. त्यांची बेरीज मात्र कोणी करत नाही. तालुका पातळीवर रोग्यांची नावे झाकून ही बेरीज झाली आणि प्रत्येक डॉक्टरांना फक्त त्यांचाच आकडा शेजाऱ्यांच्या आकड्यासह गुपचूप कळवला गेला, तर इंग्लंडच्या पत्राचा अनुभव आपल्याकडेही घेता येईल. हे काम औषध प्रशासनाने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून करण्याजोगे आहे. ठराव करण्यासारखा विषय आहे, असे आम्हाला वाटते.

तोपर्यंत घरच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. चार चिठ्ठ्यांवरून डॉक्टरांना जोखू नये. एकाच कांडीचा ब्रिक्स पाहून फड तोडायला घेत नाहीत. बुडखा गोड असतो, शेंडा फिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही एका दवाखान्याबद्दल बोलायचे तर निदान शंभर चिठ्ठ्या पाहाव्या लागतात, त्याही वर्षभरातल्या, नुसत्या पावसाळ्यातल्या नव्हेत. एका घरात तेवढ्या जमणार नाहीत, आणि जमू नयेत हीच इच्छा. दहा-वीस घरांनी मिळून मोजायचे ठरवले, तर प्रत्येकाने आपापल्या घरीच मोजावे आणि फक्त चार आकडे एकत्र आणावेत. एकूण चिठ्ठ्या, एकूण औषधे, अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या. कोणती गोळी अँटिबायोटिक हे कळले नाही, तर मेडिकलवाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधनिर्माता पट्टी पाहून सांगेल. चिठ्ठ्या स्वतः कोणाच्या हाती देऊ नयेत आणि गट कार्यालयातही आणू नयेत. तीवर माणसाचे नाव असते, आणि त्याचा आजारही.